मदत हवी आहे: उपग्रह म्हणतो हवा बरी, ओट्यावरचा सेन्सर म्हणतो वाईट. कुणाचं धरायचं?

तापीकाठ

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. घराच्या तिन्ही अंगांनी केळी, आणि उत्तरेला दहा-एक किलोमीटरवर सातपुडा. प्रश्न हवेतल्या कणांचा आहे. वर्षभर त्यात गुंतलोय, आता गाडी अडली आहे. जाणकारांनी हात द्यावा.

सुरुवात आईपासून झाली. तिला दमा आहे. थंडीत सकाळी सहा ते नऊ छाती भरून येते, दुपारी मोकळं वाटतं. डॉक्टरांनी त्रास कधी होतो ते वहीत लिहून ठेवायला सांगितलं. वहीत नुसता त्रास लिहिण्यापेक्षा शेजारी हवेचा आकडाही असावा म्हणून गेल्या मार्चमध्ये लेझरवर चालणारा छोटा सेन्सर मागवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, आत इवलासा पंखा. ओट्यावर खुंटीला टांगला. सरकारी मोजणी जळगाव शहरात होते, ती आमच्या गावाला लागू पडेल असं वाटत नव्हतं.

शाळेत मुलांबरोबर नासाच्या वर्ल्डव्ह्यू या उपग्रह-चित्रांच्या संकेतस्थळावर रोज एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, म्हणजे एओडी (हवेतले कण किती प्रकाश अडवतात त्याचा आकडा), बघायला लागलो. आणि तिथेच घोळ झाला.

जानेवारीत सकाळी सातला सेन्सर पीएम 2.5 चा, म्हणजे अडीच मायक्रोमीटरपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा दर घनमीटरला 130 ते 150 मायक्रोग्रॅम दाखवतो. त्याच दिवशी उपग्रहाचा एओडी 0.4 च्या आसपास. उलट एप्रिलअखेर आभाळ पांढुरकं झालं होतं, ओट्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यांवर संध्याकाळपर्यंत बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतकी बारीक धूळ बसायची. तेव्हा एओडी 0.8, आणि सेन्सर मात्र 35 वर शांत! आईलाही त्या दिवसांत फारसा त्रास नव्हता.

म्हणजे उपग्रहाच्या हिशेबाने उन्हाळा दुप्पट वाईट, आणि आईच्या छातीच्या हिशेबाने हिवाळा. मुलांनी विचारलं, "सर, मग कोण खोटं बोलतंय?" मला उत्तर देता आलं नाही, आणि अंदाजाने काहीतरी ठोकून द्यायचं नव्हतं. लायडारने कणांचा थर किती उंचीवर आहे ते कळतं असं वाचलंय. आमच्या भागावरची अशी माहिती फुकट मिळते का? ती वाचायची कशी?

केळीबाग

सर, मी रावेरकडचा. दिवाळीनंतर आमच्याकडेही सकाळी धुई पडल्यासारखं असतं. लोक म्हणतात पंजाबातला पराळीचा धूर येतो. तोच असेल का?

निशिगंध

तापीकाठ, दोघंही खरं बोलताहेत, फक्त दोघांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे. मी पुण्यात एरोसोलवरच काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

एओडी हा अख्ख्या खांबाचा हिशेब आहे. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंत हवेचा उभा खांब धरा. त्यातल्या सगळ्या कणांनी मिळून सूर्याचा थेट प्रकाश किती अडवला, ते हा आकडा सांगतो. सूर्य डोक्यावर असताना एओडी 0.5 असेल तर कणांतून सुटून सुमारे 61 टक्के थेट प्रकाश खाली पोचतो, 1 असेल तर 37 टक्के. पण ते कण तुमच्या ओट्यावर आहेत की तीन किलोमीटर वर, याचा त्या आकड्यात काही पत्ता नसतो. सेन्सर मात्र ओट्यावरचीच हवा आत ओढतो, जी आई ओढते.

आता तुमचेच आकडे घेऊ. हिवाळ्यात रात्री जमीन निवते, लगतची हवा थंड आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. सकाळी सगळा धूर त्या झाकणाखाली कोंडलेला असतो. समजा थर 400 मीटर जाड आहे आणि एओडी 0.4. भागाकार केला तर दर किलोमीटरला 1. उन्हाळ्यात तापलेली जमीन हवा घुसळून वर नेते आणि पश्चिमेकडून आलेली वाळवंटी धूळ आणखी वर तरंगत असते. एओडी 0.8 पण तो 3 किलोमीटरांत पसरलेला, म्हणजे दर किलोमीटरला 0.27 च्या आसपास. उपग्रहाचा आकडा निम्मा असूनही जानेवारीची तुमच्या नाकापुढची हवा जवळजवळ चौपट गढूळ निघाली.

याचा पडताळा तुमच्या घरासमोरच उभा आहे. 3.9 ला त्या दर किलोमीटरच्या आकड्याने भागलं की ढोबळमानाने किती किलोमीटरवरचं दिसेल ते मिळतं. जानेवारीत 3.9 किलोमीटर, एप्रिलमध्ये साडेचौदा. सातपुडा दहावर. जानेवारीच्या सकाळी तो दिसतो का?

आणखी दोन गोष्टी. टेरा उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या सुमारास जायचा, अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या; आता जुने झाल्यामुळे टेराची वेळ आणखी लवकरची झाली आहे, अ‍ॅक्वाची उशिराची. म्हणजे तुम्ही सकाळी सातच्या सेन्सरची तुलना झाकण उघडल्यानंतरच्या हवेशी करताय. खांबातला एकूण माल तेवढ्या तासांत फारसा बदलला नाही असं धरलं तरच वरचा भागाकार चालतो. शिवाय मोडिसच्या (या दोन्ही उपग्रहांवरचं एओडी मोजणारं उपकरण) जमिनीवरच्या एओडीत अपेक्षित चूकच अधिक-उणे 0.05 आणि वर 15 टक्के इतकी मानतात. तुमचा 0.4 म्हणजे साधारण 0.3 ते 0.5.

केळीबाग, पराळीचा धूर मुख्यतः गंगेच्या मैदानात पसरतो. वारा तसा असला तर खालीही उतरतो, पण जानेवारीत पराळीचा हंगाम संपलेला असतो. त्या वेळी आपल्याच वावरात काय जळतंय ते आधी बघा. नासाच्या फर्म्स या आगींच्या नकाशावर व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाच्या 375 मीटरच्या ठिपक्यांत आगी दिसतात. मात्र तो उपग्रह दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास येतो, त्यामुळे संध्याकाळी पेटवून तासाभरात विझलेला पऱ्हाटीचा ढीग त्याला दिसतच नाही.

तापीकाठ

निशिगंध ताई, वाचून अंगावर काटा आला. जानेवारीत सकाळी सातपुडा नसतोच! दहा वाजता कडा दिसायला लागते, दुपारी झाडोऱ्याचे पट्टे वेगळे ओळखू येतात. एप्रिलच्या त्या धुळीतही तो फिकट का होईना, दिसत होता. आणि आई अशा सकाळी ओट्यावर येऊन म्हणते, "आज आभाय खाली बसलंय रे." मी ते नुसतं बोलणं समजत होतो.

पण तुमचे 400 मीटर आणि 3 किलोमीटर "समजा"मधले आहेत. खरी उंची कशी काढायची?

निशिगंध

त्यासाठीच लायडार. तत्त्व रडारचंच, फक्त रेडिओलहरींच्या जागी लेझरचा झोत. क्षणभराचा झोत सोडायचा आणि कणांवरून परत आलेला प्रकाश किती वेळाने आला ते मोजायचं. दीड किलोमीटरवरच्या थरातून तो 10 मायक्रोसेकंदांत परततो. वेळेवरून उंची, परतलेल्या प्रकाशाच्या जोरावरून कणांचं प्रमाण.

अवकाशातून हे काम कॅलिप्सो या उपग्रहाने केलं. एप्रिल 2006 मध्ये तो सोडला आणि ऑगस्ट 2023 मध्ये त्याचं काम थांबलं. 532 आणि 1064 नॅनोमीटरचे दोन रंग, जमिनीवर दर 333 मीटरला एक मोजणी, खालच्या आठ किलोमीटरांत उंचीचा बारकावा 30 मीटरचा. माझ्या मते एरोसोलच्या अभ्यासात इतका बदल दुसऱ्या कुठल्या एका उपकरणाने घडवला नसेल. त्याची मला सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे ध्रुवीकरण. गोल थेंबावरून लेझर परतला तर त्याच्या कंपनाची दिशा तशीच राहते. वेड्यावाकड्या धूलिकणावरून परतला तर दिशा विस्कटते. त्यावरून वर तरंगतंय ते वाळवंटी धूळ आहे की धूर, हे सातशे किलोमीटरवरून ओळखता येतं.

पण अपेक्षा बेताची ठेवा. मोडिसचा पट्टा 2,330 किलोमीटर रुंद आहे, कॅलिप्सोची मात्र एक रेघ, तीही सत्तर-शंभर मीटर रुंदीची, आणि तीच रेघ परत 16 दिवसांनी. तुमच्या तालुक्यावरून ती गेली असेल किंवा जळगाव-धुळ्याच्या मधून कुठून तरी. रात्रीच्या फेऱ्या निवडा, दिवसा उन्हाचा गोंगाट मिसळतो. शिवाय परतलेल्या प्रकाशावरून अडवलेला प्रकाश काढताना आधी कणांचा प्रकार ठरवून एक गुणोत्तर गृहीत धरावं लागतं. मे 2024 मध्ये अवकाशात सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहावरचा लायडार 355 नॅनोमीटरवर चालतो आणि हवेच्या रेणूंचा प्रकाश कणांच्या प्रकाशापासून वेगळा काढतो, म्हणून तिथे हे गृहीतक लागत नाही. दोन्हींची माहिती फुकट आहे, फक्त नोंदणी करावी लागते.

रोजच्या उंचीसाठी मात्र लायडारच्या मागे लागू नका. युरोपच्या ईआरए 5 या हवामानाच्या माहितीसंचात दर तासाची सीमास्तराची, म्हणजे जमिनीलगतच्या घुसळणाऱ्या हवेच्या थराची, उंची मिळते. जाळीचा चौकोन सुमारे 30 किलोमीटरचा, म्हणजे सातपुड्याचा पायथा आणि तापीचा काठ एकाच आकड्यात. तरीही "समजा"पेक्षा बरी.

वावरातून

सर, एक साधा प्रश्न. ओट्याजवळ पाण्याचा बंब आहे का? आमच्याकडे सकाळी सगळ्या गल्लीत बंब पेटतात, त्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या. तुमचा सेन्सर गावाची हवा मोजतोय की तुमचा बंब?

आणि हे सेन्सर ओलाव्यात फसतात. धुई असली की पाण्याचे थेंबही कण म्हणून मोजतात. माझ्याकडे तोच प्रकार आहे, पाटाचं पाणी सोडलं की आकडा चढतो. जाड धूळ त्यांना नीट मोजता येत नाही, म्हणून तुमचा एप्रिलचा 35 पण पूर्ण खरा मानू नका. आर्द्रता मोजणारा एक सेन्सर सोबत लावा, स्वस्त मिळतो.

तापीकाठ

(तीन आठवड्यांनंतर)

वावरातून, तुम्ही डोळे उघडलेत. बंब ओट्यापासून सहा पावलांवर आहे. मी रोज त्याच्याच पाण्याने अंघोळ करतो आणि तरी लक्षात आलं नव्हतं. आई पहाटे साडेपाचला तो पेटवते आणि पाणी तापेपर्यंत शेजारी बसून राहते.

सेन्सर शाळेच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत हलवला, सोबत आर्द्रतेचा लावला. आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असलेल्या नोंदी मुलांनी लाल पेनाने वेगळ्या केल्या. उरलेल्या सकाळचे आकडे 85 ते 100. म्हणजे बराच वाटा आमच्या बंबाचा आणि ओलाव्याचा असावा, आणि तो वजा केल्यावरही गावाची सकाळ वाईटच आहे. आपल्याकडे 24 तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे. एका तासाचा आकडा तिच्याशी थेट ताडायचा नाही हे मुलांना सांगितलं, तेव्हा त्यांनी स्वतःहून दिवसभराची सरासरी काढायला घेतली.

ईआरए 5 ची उंची आणि एओडी घेऊन भागाकाराचा आलेख केला. नुसत्या एओडीपेक्षा तो सेन्सरच्या रेषेच्या खूप जवळून चालतो. सगळे दिवस बसत नाहीत. ढगाळ दिवशी उपग्रहाचा आकडाच नसतो, आणि दोन दिवस तर भागाकार वर, सेन्सर खाली असे आलेत. त्या दिवशी वर वेगळा थर असेल का? सातवीच्या मुलींनी एक वही घातली आहे, "सातपुडा दिसतो का". रोज प्रार्थनेआधी तीनपैकी एक खूण: नाही, कड दिसते, झाडं दिसतात.

घरी गॅसवर पाणी तापवायला सुरुवात केली. आईला पटायला वेळ लागला, बंबाच्या पाण्याची सवय जात नाही म्हणते. आता ती नऊनंतर ओट्यावर येते. वहीत या महिन्यात दम्याचा पंप घेतल्याच्या खुणा कमी आहेत. थंडीही ओसरतेय, त्यामुळे श्रेय कशाचं ते एवढ्यात लिहीत नाही. डॉक्टरांना वही आणि आलेख दोन्ही दाखवणार आहे.

एक अडचण उरली आहे. कॅलिप्सोच्या फाइली उतरवल्या, पण शाळेच्या संगणकावर उघडत नाहीत. यावल-रावेरवरून गेलेली जानेवारीतली एखादी रात्रीची रेघ कुणी चित्र काढून देईल का? मुलांना तो झाकणाखालचा थर डोळ्यांनी बघायचाय.

निशिगंध

मी देते काढून. तुमच्या शाळेचे अक्षांश-रेखांश व्यक्तिगत निरोपाने पाठवा. सप्टेंबर 2018 मध्ये कॅलिप्सोची कक्षा बदलून खाली आणली होती, त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या रेघा वेगळ्या जागी पडतात. दोन्हींतली गावाला जवळची बघते. आणि भागाकार वर, सेन्सर खाली असलेल्या त्या दोन दिवसांच्या तारखाही पाठवा. अर्थकेअर जवळून गेला असेल तर तो वरचा थर त्यात सापडेल.