एंजलची पिल्लं पोहायला लागली, आता खायला काय द्यायचं?

नवखा_मत्स्यपाळ:
नमस्कार मंडळी. माझ्या एंजलच्या (एंजलफिश माशांच्या) जोडीने टाकीतल्या उभ्या पाटीवर अंडी घातली. पाटी उचलून वेगळ्या टाकीत ठेवली, शेजारी हवेचे बुडबुडे सोडले, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लूचे थेंब टाकले. पांढरी पडलेली अंडी ड्रॉपरने काढून टाकत गेलो. उरलेली फुटली आणि पिल्लं पाटीला डोक्याने चिकटून नुसत्या शेपट्या हलवत होती. आज सकाळी बघतो तर बरीचशी पाटी सोडून पाण्यात तरंगतायत, थोडी अजून तळाशी वळवळतायत. दोनेकशे तरी असतील.

मोठ्या माशांच्या फ्लेक्सची पूड करून चिमूटभर टाकली, एकानेही ढुंकून पाहिलं नाही. कुणी म्हणतं उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून द्या, कुणी म्हणतं आणखी आठवडाभर काहीच देऊ नका. टाकी ४० लिटरची आहे, तळ मोकळा, तापमान २८ अंश. स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत बरेच महिने चाललेला होता, तोच यात आणलाय. नक्की काय देऊ, किती वेळा देऊ, आणि ही जगतील ना?

निळाई:
जगतील. जुना स्पंज आणलात आणि तळ मोकळा ठेवलात, हे फार चांगलं केलंत. आता खाण्याचं बघू.

फ्लेक्सची पूड आणि बलक दोन्ही सध्या बाजूला ठेवा. एंजलचं पिल्लू पोहायला लागल्यावर सुरुवातीला हलणाऱ्या गोष्टीलाच खाणं समजतं. पूड त्याच्या नाकासमोरून खाली गेली तरी त्याला पत्ता लागत नाही. बलक तर त्याहून वाईट. पाण्यात त्याचा धूर होतो, पिल्लं त्यातलं जेमतेम काही खातात आणि उरलेलं काही तासांत कुजायला लागतं. पाणी दुधाळ झालं की समजायचं, जिवाणू माजले, प्राणवायू कमी झाला आणि अमोनिया वाढतोय. "पिल्लं उपाशी राहू नयेत म्हणून बलक दिला आणि दोन दिवसांत सगळी गेली" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की बलकाचं नाव निघालं तरी मी हात जोडते.

द्यायची ती अंड्यातून नुकती बाहेर आलेली आर्टेमिया, म्हणजे बेबी ब्राइन श्रिम्प, खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवले जीव. एंजलच्या पिल्लाचं तोंड पहिल्याच दिवशी ती गिळण्याएवढं असतं, त्यामुळे इन्फ्युसोरियाच्या, म्हणजे पाण्यातले अतिसूक्ष्म जीव वाढवण्याच्या भानगडीत पडायची गरज नाही. एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा आर्टेमियाची अंडी, बाटली उलटी टांगून तळापासून जोरात हवा आणि वर दिवा. पाणी २६ ते २८ अंश असेल तर साधारण २४ तासांत फुटतात, थंड असेल तर ३६ तासही लागतात. तुमची पिल्लं आजच पोहायला लागली आहेत, त्यांच्या पोटात पिवळ्या पिशवीतला थोडा साठा अजून असतो. त्यामुळे उद्यापर्यंत थांबलं तर बिघडत नाही. आठवडाभर मात्र मुळीच थांबू नका, तो सल्ला पाटीला चिकटलेल्या अवस्थेसाठी असतो.

काढताना घाई करू नका. हवा बंद करा, बाटलीचा वरचा भाग काळ्या कापडाने झाका आणि खालच्या बाजूला टॉर्च लावा. दहा मिनिटांत रिकामी तपकिरी टरफलं वर जमतात, न फुटलेली अंडी अगदी तळाला बसतात, आणि जिवंत नारिंगी जीव उजेडाकडे ओढ घेऊन तळाच्या जरा वर गोळा होतात. हवेच्या बारीक नळीने तेवढाच नारिंगी थर ओढून घ्या, दाट विणीच्या फडक्यात गाळा आणि साध्या पाण्याने धुऊन टाकीत सोडा. टरफलं पिल्लांच्या पोटात अडकतात, म्हणून एवढा खटाटोप. चहाची गाळणी चालणार नाही, सगळी आर्टेमिया त्यातून निसटून जाते.

पहिल्यांदा द्याल तेव्हा टाकीशेजारी बसा आणि बाजूने उजेड धरून बघा. आर्टेमिया समोर आली की पिल्लू थबकतं, दोन्ही डोळे तिच्यावर रोखतं, अंग नागमोडी आखडून घेतं आणि एकदम पुढे सुटतं. सुरुवातीला बरेच नेम चुकतात. अर्ध्या तासाने काचेसारख्या पोटात नारिंगी ठिपका दिसायला लागतो. ज्यांच्या पोटात तो ठिपका आहे ती खातायत, इतका सरळ हिशोब. दिवसातून तीन-चार वेळा द्या, दर वेळी पोटं भरतील एवढंच. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगते, उरलेली तळाला मरून पडते.

आणि आजच दुसरी बाटलीही तयार ठेवा, पहिलीनंतर बारा तासांनी लावा. आर्टेमिया फुटल्यावर स्वतःचाच साठा जाळत राहते, शिळ्या आर्टेमियात पिल्लांसाठी फारसं काही उरत नाही. जास्त निघाली तर खारं पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे दिवसभर तरी टिकते.

जुनी_टाकी:
निळाईताईंचं बरोबर आहे, पण बाटल्या, मीठ, दिवे हे सगळ्यांना रोज जमत नाही. मी मायक्रोवर्मवर, म्हणजे बारीक जिवंत किड्यांवर पिल्लं वाढवतो. ओट्सच्या घट्ट लापशीवर डबा चालू ठेवायचा, किडे डब्याच्या बाजूंवर चढतात, बोटाने पुसून टाकीत बुचकळायचं. शून्य खर्च, शून्य कटकट. व्हिनेगर ईल, म्हणजे व्हिनेगरमध्ये वाढणारे तसलेच किडे, तेही चांगले, ते तळाला न बसता पाण्यात वरच वळवळत राहतात आणि जगतातही जास्त वेळ.

निळाई:
जुनी_टाकी दादा, व्हिनेगर ईलबद्दल शंभर टक्के सहमत. त्यांचा डबा कायम घरात असावा, ज्या दिवशी बाटलीतली अंडी फुटत नाहीत त्या दिवशी तोच तारतो. मायक्रोवर्मचं मात्र मला एंजलपुरतं पटत नाही. ते खाली बसतात आणि एंजलची पिल्लं मधल्या पाण्यात शिकार करतात. शिवाय मायक्रोवर्मवर वाढवलेल्या पिल्लांचे पोटाखालचे लांब दोऱ्यासारखे पर आखूड राहतात किंवा येतच नाहीत, अशी तक्रार कितीतरी एंजल पाळणारे करतात. कारण किडे असतील किंवा तळाशी साचलेल्या घाणीतले जिवाणू असतील. कारण काहीही असो, ज्या माशाचं सगळं रूप त्याच्या परांत आहे, त्याच्या बाबतीत मी हा धोका घेणार नाही. नडीला एखादा दिवस ठीक, मुख्य अन्न म्हणून नको.

जुनी_टाकी:
माझ्याकडच्या पिल्लांचे पर व्यवस्थित आलेत, पण मी तळ रोज दोनदा साफ करतो. फरक तिथे पडत असावा. मुद्दा मान्य.

रानकमळ:
मधेच विचारते. आई-बापांजवळच का नाही ठेवायची? माझी जोडी इतकी छान राखण करते. खाली पडलेलं पिल्लू तोंडात उचलून पुन्हा घोळक्यात नेऊन थुंकते. बघत राहावंसं वाटतं.

निळाई:
रानकमळ, जोडी अशी असेल तर जरूर ठेवा, त्याइतकं सुंदर दृश्य टाकीत दुसरं नसतं. फक्त त्या टाकीत दुसरे मासे नकोत आणि रात्री बारीक उजेड असू दे. काळोखात काही दचकवणारं घडलं तर जोडी अंडी-पिल्लं गिळून टाकते. नव्या जोड्या पहिल्या काही वेळा बऱ्याचदा अंडी खातात, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण नवखा_मत्स्यपाळ यांची पिल्लं आता वेगळी झाली आहेत, ती परत जोडीसमोर नेऊ नका. जोडी त्यांना आपली म्हणून स्वीकारेलच असं नाही.

नवखा_मत्स्यपाळ:
ताई, खूप खूप आभार! बाटलीतली अंडी फुटली. पहिल्यांदा दिलं तेव्हा काहीच कळेना, मग टॉर्च धरला आणि पोटात नारिंगी ठिपके दिसले. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले.

आता तीन शंका. थोडी पिल्लं तळाशीच घसरत चालतात, वर उठत नाहीत. पाण्यावर तेलकट साय आल्यासारखी दिसतेय. आणि पाणी किती बदलू? नळीने ओढताना पिल्लं जातील याची धास्ती वाटते.

निळाई:
साय आधी काढा, आत्ताच. तुमच्या पहिल्या दोन शंका कदाचित एकच आहेत. बरेच पाळणारे मानतात की पिल्लू पहिल्यांदा पोहायला लागतं तेव्हा वर येऊन हवेचा घोट घेतं आणि त्या हवेने त्याची वाताशय पिशवी, म्हणजे तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी, फुगते. वर तेलकट पापुद्रा असेल तर त्याला तो घोट घेता येत नाही आणि ते तळाशी घसरत राहतं. कागदी टॉवेल पाण्यावर अलगद पसरून उचला, दोन-तीनदा केलं की पापुद्रा निघतो. हवेचे बुडबुडे वरचं पाणी सतत हलतं राहील एवढे ठेवा, पण पिल्लं भिरभिरतील इतके नकोत. ज्यांची पिशवी अजून फुगायची आहे त्यातली काही यानंतर उठतील. दोन-तीन दिवसांनीही जी उठणार नाहीत ती उठत नाहीत, हे मन घट्ट करून स्वीकारावं लागतं.

पाण्याचं सांगते, आणि हे खाण्याइतकंच मनावर घ्या. चारदा खाऊ घातलं की चारदा घाण होते. पिल्लं मरतात ती पहिल्या आठवड्यात भुकेने आणि त्यानंतर बहुतेक वेळा पाण्याने. रोज तिसरा हिस्सा बदला, आठवड्याभरानंतर अर्ध्यापर्यंत न्या. ओढायला जाड सायफन नको, हवेची नळी घ्या आणि तिचं टोक एखाद्या कडक काडीला बांधा म्हणजे तळावर नेमकं फिरवता येतं. पाणी पांढऱ्या बादलीत पडू दे. चुकून गेलेली पिल्लं पांढऱ्यावर लगेच दिसतात, मोठ्या ड्रॉपरने उचलून परत सोडता येतात. जाळी लावू नका, त्यांचं अंग फार नाजूक असतं. नवं पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं, आणि नळीला सैल गाठ मारून अगदी हळू सोडा. पीएच एकदम वर जाणार नाही एवढं बघा. पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका अमोनिया जास्त विषारी. स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळा, नळाखाली कधीच नाही.

आणखी एक. आर्टेमिया देत राहिलात की काचेवर बारीक पांढरट, हात पसरलेले हायड्रा उगवतात, ते लहान पिल्लं पकडतात. दिसले की कार्डाने खरवडून नळीने ओढून घ्या. पिल्लं असलेल्या टाकीत औषध टाकू नका.

रानकमळ:
कोरडं खाणं कधी सुरू करायचं? माझी पिल्लं महिन्याची झाली तरी आर्टेमियाशिवाय तोंड लावत नाहीत.

निळाई:
दुसऱ्या आठवड्यापासून चव लावायला सुरुवात करायची. सकाळी पोटं सर्वांत रिकामी असतात. तेव्हा आधी बारीक चुरलेलं जास्त प्रथिनांचं कोरडं खाणं चिमटीतून टाका, दहा मिनिटं थांबा, उरलं तर ओढून घ्या आणि मगच आर्टेमिया द्या. आधी आर्टेमिया दिलीत तर कोरड्याकडे कोण बघणार? टरफल काढलेली आर्टेमियाची अंडी मिळाली तर ती मधल्या पायरीला उत्तम. चव तीच, पण हलत नाहीत, त्यामुळे न हलणारंही खायचं असतं हे पिल्लं शिकतात. महिन्याच्या पिल्लांना एक वेळची आर्टेमिया बंद करून बघा, भूक लागली की वळतात.

नवखा_मत्स्यपाळ, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वरचा आणि खालचा पर लांबायला लागतो आणि इतके दिवस सुतळीच्या तुकड्यासारखी दिसणारी पिल्लं अचानक एंजल दिसायला लागतात. त्या आठवड्याची मी दर वेळी वाट बघते. पण दोनशे पिल्लांना ४० लिटर तोवर नक्की अपुरे पडतील. गर्दीत वाढ खुंटते, एकमेकांचे पर कुरतडले जातात, आणि लहानपणी खुंटलेला एंजल नंतर कितीही खाऊ घातला तरी पुरता भरून येत नाही. त्याच सुमारास गालाचं झाकण अर्धवट असलेली, पाठ वाकलेली, पर न आलेली पिल्लं वेगळी काढा आणि ती कुणाला प्रजननासाठी देऊ नका. उरलेल्यांना दोन-तीन टाक्यांत वाटा.

त्या टाक्यांसाठी लागणारे स्पंज आत्ताच मोठ्या टाकीत फिल्टरशेजारी चालू करून ठेवा. त्यांच्यावर घाण पचवणारे चांगले जिवाणू बसायला महिनाभर लागतो, आणि पिल्लांना जागा लागणार तीही तेव्हाच.

नवखा_मत्स्यपाळ:
साय काढली. तळाची बरीचशी संध्याकाळपर्यंत वर आली! दोन स्पंज मोठ्या टाकीत लावले. दुसऱ्या बाटलीतली अंडी रात्री फुटतील.