रुपया धरून ठेवावा की हळूहळू उतरू द्यावा?

अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल उत्पादक : माझा सोलापुरात टेरी टॉवेलचा निर्यातप्रधान कारखाना आहे आणि माझे मत स्पष्ट आहे. रुपयाला आधार देण्यासाठी रिझर्व्ह बँक डॉलर विकते, ते तिने कमी करावे. २०२३ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत डॉलर साधारण ८२ ते ८४ रुपयांच्या पट्ट्यात राहिला. त्या काळात माझ्याकडची मजुरी वाढली, विजेचे बिल वाढले, पण एका डॉलरमागे हाती येणारे रुपये जवळजवळ तेवढेच राहिले. ही तफावत भरून काढायची तर परदेशी ग्राहकाकडे डॉलरमधला भाव वाढवून मागावा लागतो आणि तिकडे कराचीचा किंवा तुर्कस्तानातील डेनिझलीचा उत्पादक आमच्यापेक्षा कमी भाव घेऊन उभाच असतो. दर कृत्रिमपणे रोखल्याने काय होते, ते श्रीलंकेने दाखवले आहे. तेथे २०२२ च्या आरंभी डॉलर २०० रुपयांच्या आसपास रोखून धरला होता. परकीय चलनाची गंगाजळी आटल्यावर मार्चमध्ये तो सोडावा लागला, दोन महिन्यांच्या आत दर ३०० च्या पुढे गेला आणि एप्रिलमध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबली.

अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका : श्रीलंकेची तुलना येथे लागू पडत नाही. आपली रिझर्व्ह बँक ठरावीक दर राखण्याची हमी देत नाही, केवळ टोकाचे चढउतार आवरते, असे तिचे जाहीर धोरण आहे. आता कराचीचेच पाहू. २०१७ मध्ये पाकिस्तानी रुपया डॉलरला सुमारे १०५ होता, २०२३ मध्ये तो २८० च्या आसपास गेला. चलन इतके स्वस्त होऊनही तेथील कापडनिर्यात बहरली नाही. डॉलरच नसल्याने कच्च्या मालाची पतपत्रे, म्हणजे पैसे मिळण्याची बँकेची हमीपत्रे, उघडली जाईनात आणि गिरण्या बंद पडल्या. आपला स्वतःचा अनुभवही आहे. ६ जून १९६६ रोजी डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये करण्यात आला, परंतु त्याच वेळी निर्यात अनुदाने काढून घेण्यात आली. त्यामुळे निर्यातदाराचा प्रत्यक्ष लाभ फार थोडा राहिला आणि दुष्काळाने उरलेले गणितही बिघडवले. १९९१ चे अवमूल्यन फळले, ते आयात परवान्यांची बंधने सोबतच सैल झाली म्हणून. कच्च्या तेलाची ८५ टक्क्यांहून अधिक आणि खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो. रुपया उतरला की सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बाईचा तेलाचा डबा आधी महागतो.

छोटा यंत्रमागधारक : मॅडमचे म्हणणे मला पटते. मी बारा मागांवर दुसऱ्यांसाठी कापड विणतो. डॉलर चढला तरी आमचा विणाईचा दर वाढत नाही, कारण परदेशी ग्राहक पुढच्याच मागणीत सवलत मागतो, असे निर्यातदार स्वतःच सांगतात. रंग-रसायने मात्र लगेच महागतात. फॉरवर्ड करार करून दर आधीच बांधून घेणे मोठ्यांना जमते. आमच्याकडे तेवढी उलाढाल नाही आणि बँकेतही आम्हाला कोणी ते समजावून सांगत नाही.

अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल उत्पादक : दादा, सवलतीची गोष्ट खरी आहे, ती मी नाकारत नाही. पाकिस्तानचा दाखलाही मान्य करतो. एकदम कोसळलेल्या चलनाचा कोणालाच उपयोग होत नाही. म्हणूनच मी कोसळण्याची नव्हे, आपली आणि ग्राहक देशांची महागाई यांतील फरकाएवढ्या संथ उताराची मागणी करतो आहे. दोन वर्षे दाबून ठेवलेला रुपया एका तिमाहीत घसरतो, तेव्हा जुन्या दराने घेतलेल्या मागण्यांचे आणि नव्या दराने आलेल्या रसायनांचे गणित जुळत नाही. राहिला गरिबाच्या घराचा प्रश्न, तर त्याला अर्थसंकल्पातून दिलासा देता येतो. मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी कमी केले होतेच.

अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका : संथ उताराला माझा विरोध नाही, पण तो संथच राहील याची खात्री कोणी द्यायची? रुपया दर वर्षी उतरणारच असे बाजाराने गृहीत धरले, की आयातदार डॉलर आधीच विकत घेतात आणि निर्यातदार आपले डॉलर देशात आणण्यास शक्य तितका उशीर करतात. मग उताराचा वेग रिझर्व्ह बँकेच्या हाती राहत नाही. आणि करकपात तुम्ही सुचवता तितकी सोपी नसते. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन उत्पादकाच्या हितासाठी खाद्यतेलावरील आयात शुल्क वाढवावे लागले. तेल स्वस्त करण्यासाठी तेच शुल्क उतरवायचे ठरले, तर बार्शीच्या शेतकऱ्याला भाव कोठून द्यायचा, हेही कृपया मांडावे.