सामान्य, जुन्या गाड्यांविषयी वाटणाऱ्या ओढीचे कारण काय असावे?

मागचा आरसा (प्रश्नकर्ता)

जुन्या गाड्यांची आवड हा काही नवा विषय नाही. मला विचारायचे आहे ते त्या आवडीच्या एका विचित्र शाखेविषयी. ज्या गाड्यांची छायाचित्रे लोक भिंतीवर लावत, ज्यांनी शर्यती गाजवल्या किंवा ज्यांचे आज लिलाव होतात, त्यांच्याकडे मी आदराने पाहतो आणि पुढे चालू लागतो. मात्र गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांतली एखादी टोयोटा कोरोला, निस्सान सनी, माझदा ३२३, ओपेल काडेट किंवा फोर्ड एस्कॉर्ट, आणि तीही सर्वांत स्वस्त प्रकारातली, फिकट बिस्किटी रंगाची, काळ्या प्लॅस्टिकच्या बंपरची, कुठे उभी दिसली की माझी पावले आपोआप मंदावतात. मी तिच्या काचेतून आत डोकावतो, डॅशबोर्डावरची रिकामी बटणांची जागा पाहतो (महागड्या प्रकारात तिथे काय असायचे याचा अंदाज बांधणे हा माझा एक निरुपद्रवी छंद आहे) आणि उगाचच खूश होतो.

सर्वांत आधी सुचणारे उत्तर स्मरणरंजनाचे आहे, याची मला कल्पना आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात पुढे अधिक ठळक राहतात, हे मानसशास्त्रातले निरीक्षणही मी वाचलेले आहे. परंतु माझ्या बाबतीत हे उत्तर लागू पडत नाही, कारण यांपैकी एकही गाडी आमच्या घरात किंवा नात्यात कधी नव्हती, आणि काहींचे उत्पादन तर मला कळू लागण्यापूर्वीच थांबले होते. गुंतवणूक म्हणून या गाड्यांना फारसा अर्थ नाही. चालवण्यातला थरार म्हणावा, तर कोरोलाला कंटाळवाणी म्हणून हिणवण्याची परंपरा खूप जुनी आहे. दुर्मीळतेचे कारण द्यावे, तर १९६६ मध्ये सुरू झालेल्या याच कोरोलाने २०२१ मध्ये पाच कोटींचा आकडा ओलांडला.

तेव्हा प्रश्न असा, की ज्या वस्तूत कोणताही असाधारण गुण नाही, जिच्याशी आपला वैयक्तिक इतिहासही जोडलेला नाही, ती वस्तू आपल्याला का आवडावी? या आवडीचे मूळ गाडीत आहे की पाहणाऱ्यात? ज्यांना असे काही वाटते त्यांनी आणि ज्यांना हे निव्वळ खूळ वाटते त्यांनीही आपले मत अवश्य द्यावे.

पत्रा आणि रंग

माझ्या मते या आवडीचे बरेचसे मूळ गाडीतच आहे, फक्त आपण ते चुकीच्या ठिकाणी शोधतो. असाधारण गाडी आपल्याकडून काय अपेक्षित आहे ते आधीच सांगून ठेवते: तिच्याकडे पाहून दिपून जायचे असते. साध्या गाडीला पाहणाऱ्याकडून काहीच नको असते, आणि म्हणूनच तिच्याकडे शांतपणे, तपशील न्याहाळत पाहता येते. असे पाहू लागले की लक्षात येते, की तिची जवळजवळ प्रत्येक रेषा हे एखाद्या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर आहे. डिकीचे झाकण थेट बंपरपर्यंत का उघडते, दाराची मूठ साधी ओढायची का आहे, हेडलाइट चौकोनी का आहेत, या सर्वांमागे खर्च, दुरुस्ती आणि सामान ठेवण्याची सोय यांचे हिशेब असतात, आणि थोडा वेळ दिला तर ते हिशेब बाहेरूनही वाचता येतात.

जोर्जेटो जुजारो यांनी आखलेल्या १९८० च्या फियाट पांडाच्या काचा सपाट आहेत, कारण सपाट काच बनवणे स्वस्त पडते. रेनो ४ या गाडीचे उदाहरण तर मला फारच आवडते. तिच्या मागच्या दोन चाकांच्या टॉर्शन बार या स्प्रिंगचे काम करणाऱ्या कांड्या गाडीच्या पूर्ण रुंदीइतक्या लांब होत्या. त्या एकाच रेषेत बसणे शक्य नसल्याने एकीमागे एक बसवल्या गेल्या. परिणामी डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर काही सेंटिमीटरने वेगळे झाले. ही गाडी १९६१ पासून तीन दशके बनत राहिली, ऐंशी लाखांहून अधिक संख्येने बनली, आणि ते वेगळे अंतर शेवटपर्यंत तसेच राहिले. एखाद्या प्रतिष्ठित गाडीत अशी विषमता कुणी खपवून घेतली नसती, पण इथे ती खपली, कारण तिने कुणाचेच काही अडत नव्हते.

याखेरीज काचांचा मुद्दा आहे. त्या काळातल्या गाड्यांचे छत पेलणारे खांब बारीक असत आणि खिडक्यांची खालची कड खांद्याच्या बरीच खाली असे, त्यामुळे आत बसलेला माणूस बाहेरून स्पष्ट दिसे. पुढे छताच्या मजबुतीचे आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचे नियम कडक होत गेले, तसे खांब जाड झाले आणि काचा अरुंद. पहिल्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ सुमारे ८०० किलो वजनाची होती, तर आजची गोल्फ १,२०० किलोच्या पुढे आहे. हे वजन उगाच वाढलेले नाही, पण त्या ८०० किलोंत जो हलकेपणा होता तो गाडी जागेवर उभी असतानाही डोळ्यांना जाणवतो.

निरीक्षक

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु त्यातली उदाहरणे मूळ प्रश्नाला बगल देतात. पांडा आणि रेनो ४ या सामान्य गाड्या नव्हेत. त्या साधेपणासाठी प्रसिद्ध झालेल्या गाड्या आहेत, आणि आरेखनाच्या अभ्यासकांचे त्यांच्यावर पहिल्यापासून प्रेम आहे. प्रश्नकर्त्याच्या बिस्किटी कोरोलाबद्दल सांगण्यासारखी अशी एकही गोष्ट नाही, आणि खरा पेच तिथेच आहे.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिले होते, की एखादी गोष्ट केवळ वारंवार नजरेसमोर आल्यानेही माणसाला ती अधिक आवडू लागते. त्याच्या प्रयोगांत अर्थहीन शब्द आणि लोकांना न वाचता येणारी चित्रलिपीसारखी चिन्हे होती, म्हणजे आवडावे असे त्यांत काहीही नव्हते. कोरोला आपण सर्वांनी हजारो वेळा नकळत पाहिलेली आहे. गाडी घरची असण्याची गरजच नाही. माझ्या दृष्टीने हा विषय इथे संपतो.

जुना गिअर

विषय इतक्या लवकर संपवू नये असे वाटते, कारण दुर्मीळतेबाबत प्रश्नकर्त्याने जे गृहीत धरले आहे ते तपासायला हवे. किती गाड्या बनल्या आणि किती उरल्या या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. महागडी क्रीडागाडी पहिल्या दिवसापासून झाकून ठेवली जाते. तिचा मालक बदलला तरी तिची किंमत तिला वाचवते. सामान्य गाडीला असे संरक्षण कधीच मिळत नाही. ती रोज राबते, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाते, आणि ज्या दिवशी दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होतो त्या दिवशी ती भंगारात निघते. १९७१ ते १९८० या काळात ब्रिटनमध्ये लाखोंच्या संख्येने खपलेली मॉरिस मरिना आज तिथल्या रस्त्यावर दिसणे ही नवलाची गोष्ट झाली आहे, आणि याच काळातल्या कित्येक मौल्यवान गाड्या मात्र जवळजवळ सगळ्या जपून ठेवलेल्या आहेत.

ही नाहीशी होण्याची क्रिया इतकी हळू घडते की कुणाच्या ध्यानात येत नाही. मग एके दिवशी अशी एक गाडी समोर येते आणि आपल्याला जाणवते, की आपण ती कित्येक वर्षांत पाहिलेलीच नाही. प्रश्नकर्त्याची पावले मंदावतात ती याच क्षणी, असा माझा तर्क आहे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून ‘फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल’ नावाचा एक मेळावा भरतो, आणि त्यात मुद्दाम अशाच, कधीकाळी कुणीही वळून न पाहिलेल्या गाड्या मांडल्या जातात. त्यात सर्वांत स्वस्त प्रकारच्या गाड्यांचे कौतुक अधिक होते, कारण महागडे प्रकार निदान कुणीतरी जपले होते. तेव्हा आपण एकटे नाही, एवढे तरी नक्की.

हेडलाइट

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट राहून जात आहे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या एनकॅप या सुरक्षाचाचणी संस्थेने १९९८ ची कोरोला आणि २०१५ ची कोरोला ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर धडकवल्या. नव्या गाडीला १६ पैकी १२.९३ गुण मिळाले, जुनीला ०.४०. जुन्या गाडीतल्या चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याच्या मोजमापांनुसार डोके, छाती आणि पाय यांना गंभीर इजा होण्याची शक्यता अतिशय मोठी होती. ज्या बारीक खांबांचे वर इतके गुणगान झाले आहे, त्यांची ही दुसरी बाजू आहे.

मला ही ओढ समजते, आणि ती काही अंशी मलाही आहे. परंतु एक शंका मात्र राहते, की आपल्या पाहण्यात आज फक्त टिकलेल्या गाड्या येतात. ज्या बंद पडल्या, गंजल्या, अपघातात गेल्या, त्या आपल्या मतात कुठेच मोजल्या जात नाहीत. ‘त्या काळच्या गाड्या भक्कम होत्या’ असे म्हणणारा माणूस प्रत्यक्षात फक्त नशीबवान गाड्यांबद्दल बोलत असतो.

मागचा आरसा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे आभार. ‘हेडलाइट’ यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि मी या गाड्यांना नव्या गाड्यांपेक्षा चांगले म्हटलेलेही नाही. आवडणे आणि श्रेष्ठ मानणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर बराचसा वाद उरत नाही.

‘निरीक्षक’ यांनी दिलेले कारण मात्र मला अपुरे वाटते. वारंवार दिसल्यामुळेच आवड निर्माण होत असेल, तर गेल्या दहा वर्षांतल्या गाड्या मी कितीतरी अधिक वेळा पाहिलेल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी मला काहीही वाटत नाही. म्हणजे वारंवार दिसणे ही फार तर पहिली पायरी झाली, आणि त्यानंतर दिसेनासे होणे ही दुसरी पायरी आवश्यक आहे. ‘जुना गिअर’ यांचा तर्क इथे बरोबर बसतो. गाडी सर्वत्र असताना आपण तिला पाहतच नाही. ती विरळ झाल्यावरच तिचा आकार, तिच्या दिव्यांची ठेवण, तिच्या दाराचा जाडसर आवाज या गोष्टी पहिल्यांदा स्वतंत्रपणे जाणवतात, आणि ओळखीची वस्तू प्रथमच नीट पाहिल्याचा तो आनंद असतो. माझ्या प्रश्नातला ‘गाडीत की पाहणाऱ्यात’ हा पर्यायच कदाचित फसवा होता, कारण हे दोघेही तेच राहून मध्ये फक्त काळ गेलेला असतो.

आता एक व्यावहारिक प्रश्न जोडतो. अशी एखादी गाडी सांभाळण्याचा विचार माझ्या मनात येऊ लागला आहे. ज्यांनी ती सांभाळली आहे त्यांनी काय पाहून घ्यावे ते सांगावे.

वंगण

मी नव्वदच्या दशकातली एक जपानी सेडान बरीच वर्षे वापरत आहे, म्हणून लिहितो.

इंजिनाची चिंता फारशी करू नये. सामान्य गाडीचे यांत्रिक भाग हेच तिचे सर्वांत मोठे सुख असते, कारण तेच भाग अनेक गाड्यांत वापरले गेलेले असतात. उदाहरणार्थ, टोयोटाची ए मालिकेतली इंजिने कोरोलाच्या अनेक पिढ्यांत तर होतीच, शिवाय कॅरिना आणि सेलिकामध्येही होती. ब्रेक, क्लच, बेअरिंग, पाण्याचा पंप अशा गोष्टी आजही मिळतात आणि साध्या अवजारांनी बदलता येतात.

खरी अडचण येते ती ज्यांना आपण क्षुल्लक समजतो त्या भागांची. काचेभोवतीचे रबर, दिव्याची भिंगे, सीटचे मूळ कापड, डॅशबोर्डावरचे हवेचे झरोके, दाराच्या आतले प्लॅस्टिकचे आवरण आणि ते धरून ठेवणाऱ्या खुंट्या. नामांकित जुन्या गाड्यांचे असे भाग पुन्हा बनवून विकणारे असतात, कारण तिथे पैसे मोजणारे गिऱ्हाईक असते. बिस्किटी कोरोलाच्या दाराच्या आवरणासाठी कुणीही साचा बनवणार नाही. त्यामुळे जी गाडी सर्वांत कमी मोलाची मानली गेली, तिची मूळ रूपात डागडुजी करणे कधीकधी मौल्यवान गाडीपेक्षा अवघड ठरते.

एक गमतीदार गोष्टही सांगण्यासारखी आहे. फिवा या ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक महासंघाच्या व्याख्येनुसार, वाहन किमान ३० वर्षांचे असावे, मूळ स्वरूपाशी प्रामाणिक राखलेले असावे आणि रोजच्या प्रवासासाठी वापरात नसावे. ज्या गाडीचे सगळे आयुष्यच रोजच्या प्रवासासाठी होते, तिला ऐतिहासिक ठरायचे असेल तर नेमके तेच काम सोडावे लागते. मी माझी गाडी रोज नाही, पण नियमित चालवतो, कारण उभी ठेवलेली गाडी अधिक लवकर बिघडते: रबर कडक होते, ब्रेक धरून बसतात, पेट्रोल शिळे होते. ‘हेडलाइट’ यांचे आकडे लक्षात ठेवून मी महामार्ग आणि रात्रीचा प्रवास टाळतो.

घेताना पत्रा पाहावा, आणि तो खालून पाहावा. चाकांवरच्या कमानी, दारांखालची आडवी पोकळ पट्टी, डिकीत स्टेपनी ठेवण्याची खोबण, शॉक अब्सॉर्बरचे वरचे टोक जिथे बॉडीला जोडलेले असते ती जागा आणि पुढच्या काचेच्या खालची कड, इथे गंज आधी धरतो. बाहेरून नवा रंग मारलेला असेल तर अधिकच सावध राहावे. दोन गाड्यांमधून निवडायची वेळ आली, एकीचे इंजिन उत्तम पण आतले सामान तुटके, आणि दुसरीचे इंजिन थकलेले पण पत्रा निरोगी व आतले सर्व काही जागच्या जागी, तर डोळे मिटून दुसरी घ्यावी.