घरच्या स्टिरिओ रेडिओचं खोकं: बंदच ठेवा, पाइप बसवू नका

साखरपेठकर:
वडिलांसाठी रेडिओ करतोय. ३६ वर्षं यंत्रमागावर काढली त्यांनी. मागाच्या खडखडाटानं कान बिघडतो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण 'सात' म्हणाला की 'हात', ते कळत नाही. आकाशवाणी सोलापूरच्या बातम्या लागल्या की ते आवाज वाढवतात, आणि बाजारातल्या रेडिओचा आवाज वाढवला की नुसता घुमारा वाढतो. खोक्याबद्दल माझं मत यातूनच ठाम झालंय. पटत नसेल तर हिशेबानं खोडा.

सामान असं: तीन इंची फुल रेंज (जाड-बारीक सगळा आवाज एकाच पडद्यातून देणारे) स्पीकर दोन, चार ओहमचे. पीएएम८४०३ चा ॲम्प्लिफायर, पाच व्होल्टवर. आरडीए५८०७ चा एफएम बोर्ड. १८६५० चे लिथियम सेल. स्पीकरबरोबर माहितीचा कागद नव्हता, म्हणून सिरीजमध्ये रेझिस्टर लावून मल्टिमीटरनं मोजलं. एफएस (स्पीकर आपसूक घुमतो तो स्वर) ११० हर्ट्झ, क्यूटीएस (ते घुमणं किती आवरलं जातं त्याचा आकडा) ०.५, व्हीएएस (स्पीकरच्या पडद्याइतकी लवचिक हवा) दीड लिटर. बंद डब्यासाठी ०.७०७ ला क्यूटीएसनं भागायचं, त्याचा वर्ग करून एक वजा करायचा, आणि त्यानं व्हीएएसला भागायचं. उत्तर आलं दीड लिटर. एवढी हवा एका स्पीकरला दिली की आवाज सपाट राहतो आणि १५५ हर्ट्झच्या खाली सप्तकाला १२ डेसिबलनं उतरत जातो.

खोकं ९ मिमी प्लायचं, बाहेरून ३८ बाय १८ बाय १२ सेंमी. आत दोन उभ्या फळ्या. कडेचे कप्पे दहा-दहा सेंमीचे, स्पीकरचं स्वतःचं आकारमान वजा जाता बरोबर दीड-दीड लिटर. मधल्या १४ सेंमीत बोर्ड आणि बॅटरी, कारण बटणांच्या भोकांतून हवा गळते आणि ती गळती स्पीकरच्या कप्प्यात नको. एमडीएफ नको, पाणी लागलं की फुगतं.

आता पोर्ट, म्हणजे खालचा आवाज वाढवायला डब्याला बसवतात तो हवेचा पाइप. डग्गा भरून येईल, मान्य. पण क्यूटीएस ०.५ च्या स्पीकरला छोट्या डब्यात पोर्ट दिला की खालच्या सुरांत उंचवटा येतो, एका जागी आवाज फुगतो, आणि खालचा जाड आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. वडिलांना हवाय तो वरचाच.

विडी घरकुल:
दादा, वडिलांसाठी करताय हे वाचून बरं वाटलं. पण हिशेब अर्धाच मांडलात. पुरुषाचा आवाज सुरूच होतो १००-१२५ हर्ट्झला, आणि तुमचा डबा १५५ ला हात टेकतो. निवेदक पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा येणार. २५ मिमी आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या, ८ सेंमी लांब. दीड लिटरमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास लागतो, म्हणजे तिथं घुमतो. तुमच्या खोलीत मागं तीन सेंमी जागाही उरते.

दुसरं, त्या ॲम्प्लिफायरवर ३ वॉट लिहिलेलं असतं ते १० टक्के विकृती धरून. स्वच्छ आवाज त्याहून कमीच. एवढ्या तुटपुंज्या ताकदीत पोर्टकडून फुकट मिळणारे दोन-तीन डेसिबल सोडायचे कशाला? उंचवटा आला तर पाइपात थोडा फोम सारा, बसतो खाली.

साखरपेठकर:
पाइपात फोम सारायचा तर पाइप लावलाच कशाला? आणि जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेत होता. तरी 'हॅलो' म्हटल्याबरोबर मामा बोलतोय की काका, ओळखू यायचं. मूळ स्वर नसला तरी वरच्या पटींवरून कान तो भरून काढतो. पण 'स' गेला की तो कशावरूनच भरून निघत नाही. शिवाय १०० च्या खाली पोर्टचा डबा सप्तकाला २४ डेसिबलनं कोसळतो आणि स्पीकरच्या पडद्याला मागून हवेचा आधार राहत नाही. स्वस्त स्पीकर तिथंच फडफडतो.

होटगी रोड:
तुम्ही दोघं भलत्याच जागी भांडताय. कप्पे कडेला घेतले तरी दोन स्पीकरांच्या मध्यात २६ सेंमी अंतर. दोन मीटरवर बसलेल्या माणसाला तो कोन जेमतेम साडेसात अंशांचा. स्टिरिओ नीट उलगडायला ६० अंश लागतात. मग एका खोक्यात दोन स्पीकर कोंबून स्टिरिओ म्हणायचं तरी कशाला? जुन्या टू-इन-वनचे स्पीकर काढून बाजूला ठेवता यायचे, तसे करा. दोन सुटे डबे, दोन-दोन मीटर वायर. प्रवासात पुन्हा अडकवा.

जुना मिस्त्री:
होटगी रोडवाले, कोनाचं बरोबर आहे, वायरीचं नाही. हा क्लास डी ॲम्प्लिफायर आहे, बाहेर फिल्टर नसलेला. स्पीकरच्या वायरीतून आवाजाबरोबर चालू-बंदचे झटकेही जातात. दोन मीटर वायर म्हणजे त्या झटक्यांचा एरियल, आणि एफएमचा एरियल शेजारीच उभा. स्टेशन कमी, चिरचिर जास्त. वायर वीतभर ठेवायची, पीळ द्यायचा, एवढंच. एका खोक्याच्या बाजूनं माझं मत पडतं ते यासाठी.

आणखी एक. खोकं रुंद असलं की खालचा आवाज मागं कमी पळतो. ३८ सेंमीच्या तोंडाला तो पळायला लागतो साधारण ३०० हर्ट्झच्या खाली, १५ सेंमीच्या सुट्या डब्याला साडेसातशेच्या खालीच. भिंतीला टेकवून ठेवलं तर त्यातलं बरंच परत मिळतं. म्हणून विडी घरकुलवाले, तुम्हाला जो भरणा हवाय तो पाइपाऐवजी भिंतीकडून घ्या.

साखरपेठकरांना एकच सांगतो: मोनोचं बटण द्या, म्हणजे दोन्ही स्पीकरांत एकच आवाज. एफएम स्टिरिओचा जादाचा भाग ३८ किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे मूळ आवाजाच्या वर बसवलेल्या दुसऱ्या लहरीवर येतो. सिग्नल जरा पडला की खरखर आधी तिथून शिरते, आणि ती बसते नेमकी वरच्या आवाजात, जिथं तुमच्या वडिलांना 'स' शोधायचाय. आरडीए५८०७ ला मोनोचा आदेश देता येतो. खोक्यावर एवढा विचार करून ही खरखर ठेवलीत तर सगळं पाण्यात.

अक्कलकोट रोड, कारखाना:
डब्यात भरायला मागावरचं टाकाऊ सूत कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. आमच्याकडं ते पोत्यानं पडतं, पण घालू नका. त्याची तूस उडते, कॉइलच्या फटीत गेली की स्पीकर घासायला लागतो. पावसाळ्यात ओल धरून गोळा होतं ते वेगळंच. उशीतला पॉलिस्टर फायबर पिंजून सैलसर भरा. आणि सेलचा कप्पा बंद करू नका, मागं जाळी ठेवा. आपला मे महिना चाळिशी ओलांडतो. ४५ अंशांच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात, आणि गच्चीवरच्या खोलीतल्या खोक्यात तेवढं तापमान सहज होतं.

साखरपेठकर:
मिस्त्रीकाका, मोनोचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. बटण पुढच्या पट्टीवर येईल, वडिलांना चाचपून सापडेल असं मोठं. फायबर आणि जाळीही पक्की. मी एक भर घालतो: तीन इंची स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर टॉर्चसारखा सरळ झोत टाकतो. वडील कॉटवर बसतात आणि रेडिओ खाली स्टुलावर असतो, झोत गुडघ्यावर. पुढची फळी दहा अंश मागं कलती करणार. वरची कड तीनेक सेंमी मागं जाऊन कप्पा थोडा लहान झाला तर चालेल, 'स' कानाकडं गेला पाहिजे.

सुट्या डब्यांचा विचार सोडला. पोर्टला मात्र मी अजून नाहीच म्हणतो.

विडी घरकुल:
तुम्ही नाही म्हणून चालणार नाही, ऐकायचंय वडिलांना. मागची फळी स्क्रूनं बसवा, फेव्हिकॉल नको, कडेनं फोमची पट्टी लावा. एक फळी कोरी, एक पाइपवाली. दोन्ही लावून बघा.

साखरपेठकर:
हे पटलं. सात-हात, साप-ताप, शाल-ताल अशा वीस जोड्या लिहितो. बहिणीच्या आवाजात रेकॉर्ड करून ॲम्प्लिफायरला जोडून वाजवीन. कुठली फळी लागलीय ते वडिलांना सांगायचं नाही, बरोबर शब्द मोजायचे. पाइपचे जास्त आले तर पाइप राहील. रविवारी सकाळी या, पाइपची फळी तुम्हीच कापून आणा.

विडी घरकुल:
येतो. ८ सेंमीचा एक आणि ११ चा एक आणतो, ११ चा तीन सेंमी फळीबाहेर राहील; लांब पाइप आणखी खाली लागतो, उंचवटा कमी होतो. पण शब्द झाल्यावर एक भजन पण लावू. डग्गा कुठल्या फळीला आवडला ते वडिलांना विचारायचं, आणि तेही वहीत लिहायचं.