बेसबॉल कार्डांचे लिलाव: हा बाजारभाव की इरेला पेटलेले दोघे?

एडिसनकर: १९५२ सालचं टॉप्स कंपनीचं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं चित्र असलेलं संग्राहकांचं कार्ड, क्रमांक ३११. पीएसए ही कार्डाची अवस्था तपासून १ ते १० ग्रेड देणारी कंपनी; तिच्या ९ ग्रेडची एक प्रत २०१८ मध्ये २८.८ लाख डॉलरला गेली, त्याच ग्रेडची जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाखांना. मग ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेज या लिलावघराकडे एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीच्या ९.५ ग्रेडची प्रत थेट १ कोटी २६ लाखांना! माझं म्हणणं एवढंच की इतक्या वरच्या ग्रेडला बाजारभाव नसतोच. प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही वर्षानुवर्षं तिजोरीत. एखादी बाहेर आली की दोन पैसेवाले इरेला पेटतात आणि दुसरा जिथे थांबतो तो आकडा. त्यावरून ‘माझ्या ७ ग्रेडचे किती येतील’ असा हिशेब मांडणाऱ्यांचं नवल वाटतं.

जुनाबाजार: साफ असहमत. तुम्ही लेबल वाचताय, कार्ड बघत नाही. त्या काळची छपाई आणि कापणी ओबडधोबड, चित्र एका बाजूला सरकलेलं असायचं. एकाच ग्रेडच्या दोन प्रतींत एकीच्या चारी पांढऱ्या कडा सारख्या असतील तर जाणकार दुप्पट मोजतो. १ कोटी २६ लाखांचं कार्ड अॅलन रोझन या नामांकित डीलरच्या हातून १९९१ मध्ये ५० हजारांना गेलं होतं. तेव्हाही ते चढ्या भावानेच विकलं गेलं, कारण ते देखणं होतं!

तिरकस_तात्या: देखणं? जुना बेसबॉलपटू होनस वॅगनरचं टी२०६ या मालिकेतलं कार्ड, पीएसए ८. त्याच्या कडा कापून नीटस केल्याचं कार्डांचे लिलाव करणाऱ्या बिल मॅस्ट्रोने २०१३ मध्ये कबूल केलं. आणि त्याआधी २००७ मध्ये त्याचे २८ लाख आले होते. घ्या देखणेपण.

जुनाबाजार: तात्या, ते पीएसएने ग्रेड केलेलं पहिलंच कार्ड, शिवाय एकेकाळी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीच्या मालकीचं. तिथे किस्सा विकला गेला.

एडिसनकर: म्हणजे कधी कडा, कधी किस्सा. विक्रीनंतर कारण सापडतंच. आधी सांगा की!

शार्लट_मावशी: बेसबॉल सोडून बोलते, पण मुद्दा लागू आहे. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनचं फ्लिअर कंपनीचं १९८६ चं कार्ड, पीएसए १०. तीनशेहून जास्त प्रती आहेत, दुर्मिळ कुठलं? जानेवारी २०२१ मध्ये ७ लाख ३८ हजार आणि काही महिन्यांत निम्म्याहून खाली. मग तुमची बोटांवर मोजण्याची गोष्ट कुठे राहिली?

एडिसनकर: मावशी, तिथे एकामागून एक प्रती विकायला आल्या, म्हणून घसरण दिसली तरी. त्याला मी बाजार म्हणेन. मँटलचा भाव उद्या निम्मा झाला तर कळणार कसं? पुढची प्रत लिलावात येईपर्यंत सगळे १ कोटी २६ लाखच घोकत बसणार. आणि त्या आकड्यात लिलावघराचं खरेदीदाराकडून घेतलेलं कमिशनही धरलंय, हे कुणी सांगत नाही.

जुनाबाजार: कमिशन सगळ्यांनाच लागतं. विमा उतरवताना कुठला आकडा लिहायचा मग, तुमच्या मते?

तिरकस_तात्या: बायकोला सांगितलेला सोडून कुठलाही.