मदत हवी आहे: बाजूच्या वावरात करंट सोडतात, सांगू का नको?

राजेहो, जरा सल्ला द्या. मी राहतो नागपुरात पण वावर भिवापूरकडे, उमरेड-कऱ्हांडला जंगलाच्या बाजूला. परवा मोठे बाबांकडे गेलो तर पाहिलं की बाजूच्या शेतकऱ्याने धुऱ्यावर बांबूच्या खुंट्या गाडून गुडघ्याएवढ्या उंचीवर बारीक जीआय तार ओढलीय, रात्री सरळ लाईनवरून आकडा टाकतात म्हणे. रानडुकरांसाठी. त्याचंही चुकतं असं नाही म्हणवत, अर्धा हरभरा एका रात्रीत उकरून टाकला होता, मी स्वतः पाहिलं.

पण त्याच धुऱ्याने वाघ पण जातो ना भाऊ! २०१७ मध्ये नागभीडकडे आपल्या कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध जय वाघाचा बछडा श्रीनिवास असाच करंट लागून गेला. आणि वाघ सोडा, पहाटे पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो.

आता फॉरेस्टवाल्यांना सांगितलं तर त्याच्यावर वन्यजीव कायद्याची केस होईल, घरात दोन लहान लेकरं. नाही सांगितलं अन् काही झालं तर मलाच झोप लागणार नाही. मोठे बाबा म्हणतात तू शहरातला, तुला काय जाते.

मला वाटतं आधी त्याला झटका मशीन घेऊन द्यावी, सोलरवाली, तिचा करंट थांबून थांबून येतो, जनावर पळतं पण मरत नाही. तर तीन एकराला कोणती बसवली तुम्ही, खर्च किती आला, अनुदानाचा अर्ज कुठे करायचा? अन् तोवर तार काढ म्हणून त्याला कसं समजवू, भांडण न होता?