मदत हवी आहे : गडावर हॅम रेडिओला संगणक जोडताच 40 मीटर पट्ट्यावर येणारी खरखर कशी थांबवावी?

नमस्कार मंडळी,

पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाताना आम्ही हॅम रेडिओ (परवानाधारक हौशी लोकांचा संदेश देण्या-घेण्याचा रेडिओ) सोबत नेतो, तो मुख्यतः तिथल्या शांततेसाठी. घरी 40 मीटर पट्टा (7 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी) लावला की शेजारपाजारचे एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर यांच्या खरखरीत दुबळे संदेश बुडून जातात. गडावर विजेच्या तारा दूर असल्यामुळे तोच पट्टा स्वच्छ ऐकू येतो. गेल्या फेब्रुवारीत मात्र एफटी-8 साठी (संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची आणि उकलण्याची डिजिटल पद्धत) प्रथमच संगणक जोडला आणि संकेताची ताकद दाखवणारा मीटर एस-1 वरून थेट एस-7 वर गेला. एक एस-एकक 6 डेसिबलचे धरले, तर हा फरक 36 डेसिबलचा होतो. मीटरवर पूर्ण विश्वास ठेवू नये हे मान्य करूनही, एफटी-8 सारखी गोंगाटाखालचे संदेश उकलणारी पद्धत अशा वेळी निरुपयोगी ठरते.

मांडणी अशी आहे. रिग, म्हणजे रेडिओ संच, 5 वॉटवर चालते. बॅटरी चार सेलची, 12.8 व्होल्टची लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. अँटेना म्हणजे सुमारे 20 मीटर लांबीची, एका टोकाला जोडणी असलेली अर्धतरंग तार. तिच्या मुळाशी तार आणि केबल यांचा अवरोध जुळवणारा 49:1 ट्रान्सफॉर्मर आणि तिथून रिगपर्यंत 5 मीटर आरजी-174 कोॲक्स (मधली तार आणि तिच्याभोवती धातूचे आवरण असलेली केबल). मासेमारीची 6 मीटरची घडीची काठी आम्ही दगडांच्या आधाराने उभी करतो. देवळाला, गुहांना किंवा तटबंदीला काहीही बांधत नाही आणि कड्यापासून बरेच आत बसतो. तळहाताएवढ्या, लिनक्सवर चालणाऱ्या सिंगल बोर्ड संगणकाला त्याच बॅटरीतून बक कन्व्हर्टरद्वारे (व्होल्टेज उतरवणारे सर्किट) 5 व्होल्ट मिळतात. रिगचा आवाज आणि नियंत्रण ही दोन्ही कामे एकाच यूएसबी केबलवर होतात.

प्रथम संशय अर्थातच बक कन्व्हर्टरवर आला. म्हणून परतल्यावर गावाबाहेरच्या माळावर तीच मांडणी करून एकेक गोष्ट बदलून पाहिली. संगणक पॉवर बँकेवर चालवला तर मीटर जेमतेम एका एककाने उतरला; अर्थात पॉवर बँकेतही व्होल्टेज चढवणारे सर्किट असतेच, त्यामुळे या चाचणीतून कन्व्हर्टर पूर्णपणे निर्दोष ठरत नाही. पडदा काढून ठेवल्याने काहीच बदलले नाही. परंतु संगणक चालू ठेवून केवळ यूएसबी केबल रिगमधून उपसली, तेव्हा खरखर एस-2 पर्यंत खाली आली. यावरून मला असे वाटते की गोंगाट हवेतून अँटेनात शिरण्यापेक्षा यूएसबी केबलच्या आवरणावरून रिगमध्ये आणि तिथून कोॲक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जात असावा. या प्रकारच्या अँटेनात कोॲक्सचे आवरणच प्रतितारेचे (अँटेनाच्या तारेला लागणाऱ्या दुसऱ्या बाजूचे) काम करत असल्यामुळे तो थेट अँटेनाचाच भाग बनतो. माझ्या या तर्कात चूक असल्यास कृपया आधी तीच दाखवावी.

तर्क बरोबर असेल, तर अडथळा नेमका कुठे घालावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे. कॉमन मोड चोक (केबलच्या आवरणावरचा प्रवाह अडवणारा घटक) ट्रान्सफॉर्मरपाशी बसवला तर प्रतितार तुटते आणि मग 0.05 तरंगलांबीची, म्हणजे सुमारे 2 मीटरची वेगळी तार जोडावी लागेल. तो रिगपाशी बसवला तर 5 मीटर कोॲक्स प्रतितार म्हणून शिल्लक राहते, पण ती संगणकाच्या अगदी जवळून जाते. आपण कोणता पर्याय वापरता? यूएसबी केबलवर एक क्लिपचा फेराइट (केबलभोवती बसणारा चुंबकीय मणी) लावून पाहिला होता, त्याचा उपयोग झाला नाही. केबल एकदाच आरपार गेली तर 7 मेगाहर्ट्झवर फारसा अवरोध मिळत नाही आणि तो वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे नंतर लक्षात आले. म्हणून 31 क्रमांकाच्या फेराइट मिश्रणाच्या टोरॉइडवर (कडीवर) आठ-दहा वेढे घेण्याचा विचार आहे, मात्र पाठीवरच्या वजनाचाही हिशेब ठेवावा लागतो.

दुसरा मार्ग यूएसबी आयसोलेटरचा, म्हणजे विजेची थेट जोडणी तोडून केवळ माहिती जाऊ देणाऱ्या उपकरणाचा. 12 मेगाबिट प्रतिसेकंद वेगाचे स्वस्त आयसोलेटर आवाजासाठी पुरतील असे दिसते, पण त्यांच्यातला छोटा डीसी-डीसी कन्व्हर्टर स्वतःच नवी खरखर निर्माण करतो का, याचा प्रत्यक्ष अनुभव कुणाला असल्यास अवश्य लिहावे. यूएसबी सोडून रिगच्या ध्वनी-सॉकेटला 600:600 ओहमचे ट्रान्सफॉर्मर लावणे अधिक खात्रीचे आहे का?

वेळेचा प्रश्न बहुधा सुटला आहे. एफटी-8 चे पंधरा सेकंदांचे टप्पे पाळायला घड्याळ अचूक लागते, गडावर नेटवर्कचा भरवसा नाही आणि या संगणकाला स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नाही. डीएस-3231 हे घड्याळाचे मॉड्यूल दिवसाला सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी चुकते, त्यामुळे दोन दिवसांच्या मोहिमेला ते पुरावे. जीपीएस रिसीव्हरची आणखी एक केबल मला टाळायची आहे.

डिसेंबरमध्ये पुन्हा जाणार आहोत. माझी भाची नुकतीच परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाली असून परवाना हाती येईपर्यंत ती केवळ ऐकणार आहे. गडावर बसून दूरदेशीचे संकेत पडद्यावर उमटताना तिने पाहावेत, अशी माझी फार इच्छा आहे. त्याआधी माळावर चाचणीसाठी मला दोन रविवार मिळतील. तेव्हा यांपैकी कोणता बदल सर्वांत आधी करून पाहावा, एवढे जाणकारांनी कारणासह सांगितले तरी मोठी मदत होईल. प्रत्येक बदलानंतरचे मीटरचे आकडे मी इथेच नोंदवीन.